परक्या मैदानावरचा उन्हाळा

धुळ्याहून आग्रा रोडने मालेगावकडे निघालं की दहा-एक किलोमीटरवर लळिंगचा किल्ला लागतो. किल्ल्याच्या अंगाखाली कुरण पसरलेलं. पाऊस बरा झाला तर त्यात एक धबधबा उड्या मारतो, आणि झाडीत वनखात्याचा एक जुना बंगला उभा आहे. लांडोर बंगला हे त्याचं नाव. एरवी तिथे मोरांचा आवाज आणि कॉलेजच्या पोरांच्या मोटारसायकली. पण दरवर्षी ३१ जुलैला हा रस्ता माणसांनी भरून वाहतो. निळे झेंडे, पांढरी लुगडी, खांद्यावर पोरं, डब्यात भाकरी. १९३७ साली या तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि या बंगल्यात थांबले होते. एका मुक्कामाची आठवण खानदेशाने इतकी वर्षं जपली.

मी धुळ्याचा. लहानपणी आजीचं बोट धरून लांडोरला गेलो, पुढे वर्तमानपत्राच्या बातमीसाठी गेलो, आता नुसताच जातो. मागे एका वर्षी पावसाची सर चुकवत पळसाखाली उभा असताना डोक्यात आलं की जुलै १९३७ म्हणजे बाबासाहेब नुकतेच निवडणूक जिंकले होते. फेब्रुवारीत. मुंबईत, राखीव जागेवर, १३,२४५ मतं मिळवून. मग त्यांच्या समोर कोण होतं?

समोर काँग्रेसचा उमेदवार होता. त्याला ११,२२५ मतं पडली. वय एकसष्टच्या घरात. जातीने चांभार, धंद्याने गोलंदाज. नाव पळवणकर बाळू.

खानदेशाला या निवडणुकीचं एक टोक आधीच लागून होतं. डिसेंबर १९३६ च्या शेवटच्या आठवड्यात जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. नेहरू अध्यक्ष, धनाजी नाना चौधरींची धावपळ, नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांतून उभी केलेली सजावट, हे सगळं आपल्याकडच्या शाळेत पाठ करून घेतात. त्या अधिवेशनानंतर दोन महिन्यांच्या आत मतदान झालं. एका बाजूला फैजपूर, दुसऱ्या बाजूला लळिंग, आणि मधल्या सात महिन्यांत हरलेला एक म्हातारा डावखुरा. फैजपूरचा स्तंभ आपण दाखवतो, लांडोर बंगला दाखवतो. त्या माणसाचं नाव जळगावात दहा जणांना विचारलं तर नऊ जण विचारतील, "कोन बाळू, भो?"

त्या बाळूच्या एका हंगामाची ही गोष्ट आहे. साल १९११, देश इंग्लंड. हिंदुस्थानचा म्हणवणारा संघ पहिल्यांदाच तिथल्या कौंट्यांशी त्यांच्या मैदानांवर, त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे, पूर्ण उन्हाळाभर खेळला तो हंगाम. त्याआधी १८८६ आणि १८८८ मध्ये पारशी मंडळी जाऊन आली होती, पण तो एका समाजाचा संघ. सर्व जातिधर्मांचा म्हणून निघालेला हा पहिला.

तो निघाला कसा, याचाही एक धागा आपल्या शेजारून जातो. असा संघ पाठवायचं १९०३ पासून चाललं होतं. हिंदू किती, पारशी किती, मुसलमान किती यावर घोडं अडलं आणि बेत बारगळला. मग १९०९ उजाडलं. त्या वर्षी लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळी घातली, आणि डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला. विलायतेत हिंदी तरुण म्हणजे पिस्तूलवाला असं चित्र तयार झालं. हे चित्र पुसायला राजनिष्ठ हिंदुस्थान्यांचा एक सभ्य, पांढऱ्या कपड्यांतला संघ बरा पडेल, असा हिशोब राजेरजवाडे, मोठे व्यापारी आणि काही साहेबांनी मिळून मांडला. इतिहासकार प्रशांत किदंबी यांनी या दौऱ्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे आणि त्यात हा हिशोब नीट उलगडून दाखवला आहे. म्हणजे बाळूला इंग्लंडला नेणारं जहाज थोडंफार नाशिकच्या त्या नाटकगृहाने हाकललं, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

कप्तान कोण? आमच्या गल्लीत नियम होता, ज्याची बॅट त्याची कप्तानी. बॅटवाला रुसला की मॅच संपली. १९११ च्या संघानेही हाच नियम पाळला. पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग, वय वर्षं एकोणीस, कप्तान झाले. त्याच जूनमध्ये पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक होता. महाराजांना मेजवान्या होत्या, दरबार होते, घोड्यांच्या शर्यती होत्या. संघासाठी ते फार थोडे सामने खेळले. वर जाताना संघातले चांगले फलंदाज केकी मिस्त्री यांनाही घेऊन गेले, कारण मिस्त्री त्यांच्या पदरी होते. बॅटवाला गेला, जाताना बॅटही घेऊन गेला.

उरलेल्यांनी खेळायचं होतं ते तीन-तीन दिवसांचे सामने. सामना संपला की बिछाने गुंडाळून गाडीत बसायचं, नवं गाव, नवी खेळपट्टी, पुन्हा तीन दिवस. त्यात १९११ चा उन्हाळा इंग्लंडच्या इतिहासात नोंदला गेलेला. ऑगस्टमध्ये ग्रिनिचला पारा छत्तीस अंशांच्या वर गेला. आपल्याला त्याचं काय कौतुक, मे महिन्यात भुसावळला त्या तापमानाला लोक गारवा म्हणतात. पण हिंदुस्थानी संघाला ऊन साथ देईल ही आशाही फोल ठरली. ऑक्सफर्ड, एमसीसी, मग कौंट्या, हार, पुन्हा हार. विलायती वर्तमानपत्रांचा सुरुवातीचा कुतूहलाचा सूर लवकरच दयेचा झाला.

या पडझडीत एक माणूस रोज सकाळी चेंडू हातात घेत होता. वय पस्तीस, खांदा दुखरा. डाव्या हाताची संथ फिरकी, पण संथ म्हणजे एकसुरी नव्हे. उंची बदलायची, वेग चोरायचा, एखादा सरळ आत घालायचा. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्याने एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. अख्ख्या दौऱ्यात त्याचे ११४ बळी झाले, दर बळीमागे १९ पेक्षा कमी धावा देऊन. त्यातले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. हे आकडे घेऊन त्या वर्षीच्या इंग्लिश कौंटी गोलंदाजांच्या पंगतीत बसलं तर कुणी ताट उचलून घेणार नाही. फरक एवढाच की त्यांच्या मागे झेल टिपणारे हात होते आणि धावा करून देणारे फलंदाज होते. बाळूच्या मागे बहुतेक वेळा पुढच्या गावच्या गाडीचं वेळापत्रक होतं.

जुलैमध्ये लेस्टरला पहिला मोठा विजय मिळाला. बाळूची गोलंदाजी आणि होरमसजी कांगांची फलंदाजी, असा तो जमून आलेला सामना. हे कांगा म्हणजे ज्यांच्या नावाने मुंबईत पावसाळ्यात चिखलातली कांगा लीग चालते तेच. मग टाँटनला सॉमरसेटविरुद्धचा सामना. तो मला फार आवडतो, स्कोअरकार्ड वाचूनसुद्धा अंगावर काटा येतो. चौथ्या डावात पाठलाग चाललेला, एकेक गडी निघून जातोय, आणि एका टोकाला बाळूचा धाकटा भाऊ शिवराम उभा. संघ एका गड्याने जिंकला. शिवराम नाबाद ११३. दोघे भाऊ, दोघे चांभार, आणि देशाच्या नावाने मिळालेला दुसरा विजय त्यांच्या घरात गेला.

हंगामाचा ताळेबंद मात्र दुबळाच होता. २३ सामने, ६ विजय, १५ पराभव, २ अनिर्णित. प्रथम श्रेणीचे धरले तर १४ पैकी जिंकले फक्त २, हरले १०. उरलेले चार विजय दुय्यम सामन्यांतले. दौरा फसला, असं मायदेशी आणि विलायतेत दोन्हीकडे ठरलं.

इथे मला एक फार पुढची आणि फार लांबची गोष्ट आठवते. इंग्लंडच्या उत्तर भागात रग्बीचा एक तेरा गड्यांचा प्रकार खेळतात. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंची बुडालेली मजुरी भरून द्यावी की नाही यावरून १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात २२ क्लब मूळ रग्बीपासून वेगळे झाले, त्यातून तो जन्मला. आपल्या वाचकाला समजावं म्हणून सांगतो: कबड्डीतली पकड आणि रग्बीचा चेंडू एकत्र केला तर जे होईल ते. पकड झाली की चेंडू खाली, पुन्हा चढाई, आणि सहा पकडींत काम झालं नाही तर चेंडू समोरच्याचा. फ्रान्समध्ये हा खेळ १९३० च्या दशकात रुजला, आणि दुसऱ्या महायुद्धात विशी सरकारने त्यावर बंदी घालून त्याची मालमत्ता जप्त केली. इंग्रजांच्या या खेळाच्या स्पर्धेत २००६ साली स्पेनच्या सीमेजवळच्या पर्पिन्यांचा कॅटलन ड्रॅगन्स हा फ्रेंच संघ दाखल झाला. पहिल्या सामन्यात त्यांनी विगनसारख्या मातब्बर संघाला हरवलं, आणि हंगामाच्या शेवटी तळाला, अगदी शेवटच्या जागी राहिले. पण त्यांना पहिल्या वर्षी खालच्या गटात ढकलायचं नाही असं आधीच ठरलं होतं. परका संघ आहे, रुळायला वेळ लागेल. बारा वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच संघाने वेम्बलीवर वॉरिंग्टनला २०–१४ असं हरवून चॅलेंज कप नेला. इंग्लंडबाहेर नेलेला तो पहिलाच.

१९११ च्या संघाला दुसरा हंगाम मिळाला नाही. मध्ये महायुद्ध आलं हे खरं, पण ते संपल्यावरही कुणाला घाई नव्हती. हिंदुस्थानचा पुढचा संघ इंग्लंडला गेला तो १९३२ साली, म्हणजे एकवीस वर्षांनी, लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळायला. तोवर बाळू छपन्न वर्षांचा झाला होता. ड्रॅगन्सचा पहिला हंगाम आणि आपला पहिला हंगाम यांत खेळाच्या दर्जाचा फरक काढायला मी बसलेलो नाही. मला एवढंच दिसतं की हरलेल्या पाहुण्याला पुन्हा या म्हणणारं कुणीतरी लागतं. ड्रॅगन्सना ते मिळालं. बाळूला तर घरीसुद्धा मिळालं नाही.

घरची गोष्ट आता सांगितलीच पाहिजे. कोकणातल्या पळवणचं हे कुटुंब. बाळूचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला होते म्हणून वस्ती पुण्यात. पोरगा पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायला, रोलर ओढायला लागला, महिना तीन रुपये. तिथून साहेबांच्या पूना क्लबात, चार रुपये. तिथे नेट लावता लावता साहेबांना गोलंदाजी करायला मिळाली. जे. जी. ग्रेग नावाचा तिथला मोठा फलंदाज त्याच्याकडून तासन्‌तास सराव करून घेई. आपल्याला बाद केलंस तर दर खेपेला आठ आणे, असं सांगतात. बॅट मात्र बाळूच्या हातात कुणी दिली नाही. चेंडू टाकायचा, काढायचा, आणून द्यायचा.

मग पुण्यातल्या हिंदूंना साहेबांना हरवायचं होतं, म्हणून बाळूला हिंदू संघात घेतलं. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या वेळी बाकीचे तंबूत चिनी कपाने चहा पीत, आणि बाळूला तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. भांडं नंतर फोडायचं. चेंडू विटाळत नाही आणि कप विटाळतो, यामागचं शास्त्र कुणी मांडून ठेवलं असेल तर मला वाचायचं आहे.

पुढे प्लेगच्या साथीत बाळू मुंबईला गेला. बीबीसीआय रेल्वेत नोकरी, हिंदू जिमखान्याकडून खेळ. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू आणि शिवराम दोघेही होते. पण कप्तानपद? १९११ ला इंग्लंडमध्ये ११४ बळी घेऊन आलेल्या माणसाला हिंदू संघाचं कप्तानपद पुढच्या एकाही वर्षी मिळालं नाही. १९२० साली त्याला संघातूनच वगळलं, भावांनी संघातून अंग काढून घेतलं, पत्रांतून वाद झाला. शेवटी त्याला बोलावून उपकप्तान केलं. १९२३ ला सर्वांत धाकटा भाऊ विठ्ठल कप्तान झाला आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. बाळूच्या वाटचं ते पद असं भावाच्या घरी उशिरा पोचलं.

विलायतेला मी सोवळं ठरवत नाही. जात तिथेही होती, फक्त तिचं नाव वेगळं. पैसे न घेता खेळणारा तो 'जंटलमन', पैसे घेणारा तो 'प्लेअर'. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची फाटकं वेगळी, स्कोअरकार्डावर नाव छापायची तऱ्हासुद्धा वेगळी. हा भेद त्यांनी अधिकृतपणे मोडला तो थेट १९६२ साली. आणि जे साम्राज्य त्या उन्हाळ्यात बाळूसाठी टाळ्या वाजवत होतं तेच नाशिकच्या पोरांना फाशी देऊन मोकळं झालं होतं. तरीही त्या हंगामात बाळूचं मोल रोज संध्याकाळी एका कागदावर आकड्यांनी लिहिलं जात होतं, आणि तो कागद कुणाला फोडून टाकता येत नव्हता. हे मोल त्याच्या हिंदू जिमखान्याने त्याला कधी पुरतं दिलं नाही. माझ्या लेखी १९११ च्या दौऱ्याचा खरा निकाल हा. ६ विजय आणि १५ पराभव ही त्याची तळटीप.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूचा सत्कार केला. तेव्हाचं मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने लिहिलं, असं इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदलं आहे. त्या विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर. तेव्हा विशीतला तो तरुण आणि विलायत गाजवून आलेला हा गोलंदाज. समाजाचा पहिला नायक त्या दिवशी कोण होता, हे सांगायला नको.

आता खानदेशात परत येतो. १९२९ साल. तोवर तो विद्यार्थी बॅरिस्टर झाला होता, कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून आला होता. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीच्या कामात बाबासाहेब चाळीसगावला उतरले. धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून परत चाळीसगावला आले. स्टेशनवर वस्तीतली मंडळी न्यायला आलेली. टांगा आला, पण तासाभराने. नंतर कळलं की टांगेवाले टांगा द्यायला तयार होते, हाकायला नव्हते. म्हणून कधी लगाम हातात न धरलेला वस्तीतलाच एक माणूस हाकायला बसला. पुलाच्या मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि गाडी नदीत गेली. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुण्याच्या तंबूबाहेरचं मातीचं भांडं आणि चाळीसगावचा टांगा यांच्यात तीसेक वर्षांचं अंतर आहे. दोन्ही ठिकाणी माणूस चालत होता, त्याचा स्पर्श चालत नव्हता. धुळ्या-जळगावच्या आपण लोकांनी अधूनमधून चाळीसगावचं नाव लांडोरच्या बरोबरीने घ्यावं, म्हणून ही गोष्ट इथे लांबवली.

पुढे दोघांचे रस्ते फुटले. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू आंबेडकरांच्या विरोधातल्या गोटात उभा होता, गांधींच्या बाजूला. करारावर त्याचीही सही आहे. आणि १९३७ ला तो थेट आंबेडकरांविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला. काँग्रेसने त्याला उभं केलं यात त्याच्या कीर्तीचा वापर होता हे उघड आहे. तो वापरला गेला असं म्हणून विषय संपवणारे मी ऐकले आहेत. मला ते पटत नाही. साठी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर ज्यांच्यात राहून खेळला त्यांच्यावर त्याने विश्वास ठेवला. तो विश्वास चुकीचा होता असं मी मानतो, माझ्या आजीचं मतही मुंबईत असती तर १३,२४५ मध्येच गेलं असतं. पण चुकीचा गट निवडला म्हणून ११४ बळी कमी होत नाहीत. आणि ११,२२५ माणसांनी त्याला मत दिलं, त्यातल्या कित्येकांनी तो चेंडू हवेत वळताना डोळ्यांनी पाहिला असेल.

निवडणुकीनंतर पाच महिन्यांनी बाबासाहेब धुळ्याला आले. मुंबईहून यायचं तर चाळीसगावला गाडी बदलावी लागे. आठ वर्षांपूर्वी जिथून निघालेल्या टांग्यात पाय मोडला तेच स्टेशन. तिथून धुळे, आणि धुळ्याहून लळिंगचं कुरण.

बाळू ४ जुलै १९५५ ला गेला. त्याच्या नावाचं स्टेडियम मी पाहिलेलं नाही. पण विठ्ठलने १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' नावाचं पुस्तक मराठीत लिहिलं, आणि त्या घराचं बरंचसं त्याच्यातून आपल्यापर्यंत आलं. ते आता सहज मिळत नाही. खानदेशात जुन्या घरांच्या माळ्यांवर काय काय निघतं हे मला ठाऊक आहे. धरणगावच्या एका वाड्यात मी पोत्यात बांधलेले 'केसरी'चे अंक पाहिले आहेत. तुमच्या माळ्यावर विठ्ठलचं पुस्तक असेल तर दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देऊ नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात नाहीतर जळगावच्या व. वा. वाचनालयात नेऊन द्या, आणि मला एक पोस्टकार्ड टाका.